आप्पांच्या खुराकावर वाढलेलं ढेकूळ

बाळांनो,

थोरलीने गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं की रविवारच्या मराठी वर्गात ती आता जोडाक्षरं न अडखळता वाचते, आणि तिला वाचायला काहीतरी हवं आहे. कोल्ह्याकावळ्याच्या गोष्टी नकोत, खरं घडलेलं पाहिजे. तेव्हा ढेकळाची हकीकत लिहिते आहे. थोरलीला तिची अर्धी बाजू माहीत आहे. शिरूरकडची बाजू तुम्हा दोघांनाही कुणी नीट सांगितलेली नाही. धाकट्याला थोरलीने वाचून दाखवावी.

नावं कुणाचीच घालत नाही. आप्पांना आपलं नाव कागदावर आलेलं फार आवडतं, त्यामुळे त्यांचं तर मुद्दामच घालत नाही. आणि थोरले, यापुढे मी 'तू' म्हणेन ती तू.

तुम्ही दोघं शेवटचे आलात त्या उन्हाळ्यात तू माझ्या फोनवर तो खेळ डाउनलोड करून दिलास. त्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी गोळा करायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. अंडं मिळालं की फोन खिशात ठेवून चालायचं. पुरेसं चालणं झालं की अंडं फुटतं. आपलं फुटलं ते दौंड स्टेशनच्या पुलावर. मावशीआजीला सोलापूरच्या गाडीत बसवायला आपण गेलो होतो, आणि गाडी लेट होती.

"आजी, अजून थोडं चाल."

"अगं, गाडी येईल."

"नाही येत. चाल ना."

मी पर्स सांभाळत पुलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. एका हमालाने विचारलं, "मावशी, काय पडलंय का?" तेवढ्यात फोन थरथरला. तुला आगीचा पक्षी हवा होता. निघालं ते मातीचं एक ढेकूळ, त्याला दोन डोळे आणि डोक्यावर गवताची एक काडी. तुझं तोंड उतरलं. धाकटा मात्र "ढेकूळ! ढेकूळ!" करत मावशीआजीच्या सामानावर नाचला, आणि तेच नाव त्या प्राण्याला चिकटलं. खेळातलं त्याचं इंग्रजी नाव आपण कुणीच कधी वापरलं नाही.

तुम्ही परदेशी परत गेलात आणि पाठोपाठ तुमच्या बाबांची बदली झाली. नवं गाव, नवी शाळा. त्या दिवसांतले आपले फोन मला आठवतात. जेवलीस का? हो. शाळा कशी आहे? ठीक. डबा कुणाबरोबर खातेस? यावर तू म्हणालीस, "खिडकीजवळ खाते." मी पुढे विचारलं नाही. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे खिडकीजवळ बसून डबा खाणारी मुलं मला ओळखू येतात.

मग एके दिवशी तू पहिल्यांदाच आपण होऊन बोललीस. तुमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी हाच खेळ खेळणारी मुलं जमतात, आणि नाताळच्या सुट्टीआधी तिथे जोडीजोडीने सामने होणार होते. तुझ्या वर्गातल्या एका मुलीला जोडीदार हवा होता. तिच्याकडे वाऱ्याचा एक चपळ प्राणी होता. तिने तुला विचारलं होतं, पण एका अटीवर: तुझा प्राणी तोवर लेव्हल तीसला पोचला पाहिजे.

"पोचेल की मग," मी म्हणाले.

"कसा पोचेल? आईने टॅब कपाटात ठेवलाय. गणिताची परीक्षा होईपर्यंत." मग तू म्हणालीस, "आजी, खातं एकच आहे, तो तुझ्या फोनवर पण दिसतो. तू वाढव ना."

"मला जमेल?"

"सगळं तिथे लिहिलेलं असतं. तुला इंग्रजी येतं ना?"

आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे विचारल्यावर नाही कसं म्हणणार? मी खेळातली सूचनांची सगळी पानं क्रमाने वाचून काढली. ढेकळाला फळं खायला घालता येतात, अंघोळ घालता येते, बोटाने पाठ चोळता येते, फिरायला नेता येतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हृदय आहे, ते ढेकूळ खूश असलं की भरत जातं. लढाईचंही पान होतं. तेही वाचलं. पण लढाई नाताळाच्या आधी आहे, म्हणजे तिची घाई नाही, असं मी धरून चालले. तयारीशिवाय मुलांना परीक्षेला बसवायचं नाही, हा माझा वर्गातलाही नियम होता.

आता आप्पा. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांचा गोठा आहे, हे तुम्हाला वासावरून आठवेल. सोसायटीचे माजी चेअरमन, उसाचे बागायतदार, पण त्यांना स्वतःची ओळख विचारली तर सांगतील, गाडामालक. घाटातल्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चढाच्या धावपट्टीवरच्या, शर्यतींसाठी त्यांच्याकडे चार बैल आहेत. त्यांच्या मुलाला मी शिकवलं, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. मी ढेकळाला घेऊन भिंतीकडेने फेऱ्या मारत होते, तेव्हा त्यांनी हटकलं.

"बाई, मोबाइलात काय बगता एवढं? ठेच लागंल."

मी दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"ह्ये काय? बटाटा?"

"ढेकूळ आहे. लढायला तयार करायचंय. नाताळाआधी सामना आहे."

"कुनाशी?"

"नातीच्या शाळेतल्या मुलांच्या प्राण्यांशी."

"तकडं? परदेशात?" आप्पांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "मंग असं मोकळं काय फिरवताय त्याला! खुराक काय चालू हाय?"

मला वाटलं होतं ते हसतील. त्यांना सामना शब्द पुरेसा होता. भिंतीवर हात टेकून त्यांनी मला शर्यतीचा बैल कसा वाढवतात ते समजावलं. शर्यतीचा बैल औताला जुंपायचा नाही. त्याला दूध, अंडी, कणकेचे गोळे, उडीद. रोज अंग चोळायचं, आठवड्यातून एकदा पोहायला न्यायचं. आणि मुख्य म्हणजे, कोवळ्या वयात त्याला घाटात उतरवायचं नाही.

"ल्हानपनी एक बारी जरी हरला ना बाई, तर त्याच्या मनात बसतंय. मंग जल्मभर घाट बगितला की पाय काढतोय." बारी म्हणजे घाटातली एक धाव.

आमच्या दोघांचे नियम जुळले. मला ते पटलं, आणि मी ते तंतोतंत पाळलं.

सकाळी चहानंतर फळं, मग अंघोळ, मग पाठ चोळणं. संध्याकाळी भिंतीकडेने फेऱ्या. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर फक्त फळं, बाकी विश्रांती. रोज संध्याकाळी पडद्यावर प्रश्न यायचा, लढायचं का? आप्पा पलीकडून बघत असले तर म्हणायचे, "न्हाई म्हना. आजून हाड भरलं न्हाई." मी 'नाही'वर बोट ठेवायची.

ढेकळाची तब्येत फारच सुधारली. हृदय काठोकाठ भरलं. वजनाचा आकडा वाढत गेला, डोक्यावरची काडी जाड झाली, चालताना ते डुलायला लागलं. आप्पा त्यांच्याकडे येणाऱ्या गाडामालकांना हाक मारून आणायचे, "या, बाईंचं वासरू दावतो." तळेगाव ढमढेऱ्याच्या एका मामांनी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "पुठ्ठा चांगलाय, मागनं भरलंय. पन शेपूट न्हाई, वळताना आडचन येनार." यावर आप्पांचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. तू फोनवर विचारायचीस, कसं आहे, आणि मी सांगायची, अगदी उत्तम. त्यात खोटं काही नव्हतं.

तुझी गणिताची परीक्षा झाली. कपाट उघडलं. त्या दिवशीचा फोन तुला आठवत असेल, पण मला जसा आठवतो तसा लिहिते.

"आजी, हा अकरावर आहे."

"काय अकरावर?"

"लेव्हल! अकरा! मी दिला तेव्हा आठ होता! तू इतके दिवस काय करत होतीस?"

"खुराक, अंघोळ, फिरणं. एक दिवस चुकवला नाही. त्याचं हृदय बघितलंस का?"

"आणि लढाया?"

"लढाया कशा असतील? अजून त्याचं हाड भरलं नव्हतं."

हे तोंडून गेलं आणि माझं मलाच कसं तरी वाटलं. मग तू म्हणालीस, "लढल्याशिवाय लेव्हल भराभर चढत नाही, आजी. हरलं तरी चढते. पण लढावं लागतं." आणि नंतर अगदी हळू, "ती आता दुसऱ्या कुणाला तरी घेईल." मग तू फोन आईच्या हातात दिलास.

मी भिंतीपाशी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. अकरा, तीस, जोडीदार मुलगी, खिडकी, सगळं. आप्पांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच.

"हरला तरी चढतंय म्हंजी? हरन्याचं बक्षीस? ह्ये कसलं शास्तर म्हनायचं!"

"खेळाचं शास्त्र आहे, आप्पा. आपण बैलाचं लावलं."

आप्पा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी घरात जायला वळले तेव्हा मागून आवाज आला, "पोरगी रडली का?"

"रडली नाही."

"मंग तर लईच वंगाळ. घाट कुठं हाय ह्याचा?"

खेळातल्या नकाशावर लढाईची मैदानं दाखवतात. शिरूरला एक एसटी स्टँडवर होतं, पण तिथे दिवसभर बसलं असतं तर एखादा कॉलेजचा मुलगा भेटला असता. गर्दी होती ती कारेगावच्या चौकात. रांजणगावच्या कंपन्यांची पहिली पाळी सुटली की पोरं तिथे चहा-वडापावला थांबतात, आणि त्यांच्यातली बरीच हा खेळ खेळतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी पिकअप काढला. हा त्यांचा बैल न्यायचा पिकअप. मागे कडब्याची कुट्टी पसरलेली, पुढे काचेवर लिंबू-मिरची. मी इस्त्रीची साडी नेसले होते. ती परत आल्यावर थेट भिजत टाकली.

चौकात वडापावच्या गाडीपाशी गणवेशातली पाच-सहा मंडळी मोबाइलवर वाकलेली होती. त्यांच्यात बीडकडची एक तरुण मुलगी होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी तिला विचारलं, "तुम्ही हा खेळ खेळता ना? आमच्याशी लढाल का?"

तिने माझ्याकडे बघितलं, आप्पांच्या टोपीकडे बघितलं. "कोण लढणार, तुम्ही का हे?"

"मी. हे आमचे आप्पा आहेत."

"वस्ताद हाय मी," आप्पा म्हणाले.

बिहारकडचा एक मिशावाला गडी माझ्या फोनमध्ये डोकावला आणि ओरडला, "अरे, आंटीजी का तो आलू है!"

"आलू कुनाला म्हनतो रं?" आप्पा पुढे सरसावले. "खाऊन बग, दात पडत्याल!"

सगळे हसले, मिशावालाही. पहिली लढाई त्याच्याशीच झाली. त्याच्याकडे दगडी शिंगांचा एक प्राणी होता. लढाईत आळीपाळीने डाव टाकायचे असतात. ढेकळाकडे दोनच डाव होते. एक माती उडवायचा, दुसरा जमिनीला घट्ट धरून बसायचा. मी दोन्ही वापरले आणि हरले. दुसरी हरले. बीडच्या मुलीशीही हरले. आप्पांना बघवेना. ते पिकअपच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिकडून विचारत होते, "पडलं का?"

"पडलं."

"उठतंय का?"

"उठतं, आप्पा. बारा झाली लेव्हल."

"त्याच्या मनात बसंल हो बाई!"

त्याच्या मनात काही बसलं नाही. माझ्या मात्र बसलं, कारण हरायची मला सवय नाही. आम्ही एक दिवसाआड जाऊ लागलो. लेव्हल चढत होती. पहिल्या आठवड्यानंतर बीडच्या मुलीच्या एक गोष्ट लक्षात आली.

"आजी, तुमचा पडतो खरा, पण पडायला लई वेळ लावतो."

खरंच तसं होतं. खाऊन खाऊन ढेकळाचा जीव इतका मोठा झाला होता की बरोबरीच्या लेव्हलचा प्राणी त्याला मारून मारून दमायचा. ते उलट फारसं मारायचं नाही, नुसतं बसून राहायचं. मिशावाला वैतागायचा. "मरता ही नहीं है! आंटीजी, इसको क्या खिलाती हो?"

"उडीद," आप्पा म्हणाले.

आमची पहिली जीत याच बसण्यामुळे झाली. मिशावाल्याने ढेकळाला जवळजवळ संपवत आणलं होतं, पण ते घट्ट धरून बसलं. तेवढ्यात त्यांच्या कंपनीची बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "भैया, दो मिनट!" मिशावाला ओरडला. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला आणि बस हलवली. मिशावाला फोन तसाच हातात धरून पळत सुटला, दारात लटकला, आणि चौकापासून लांब गेल्यामुळे खेळाने त्याला बाद केलं. आमच्या पडद्यावर फुलं उडाली.

"जिंकलो?" आप्पांनी विचारलं.

"तो बसमधून गेला, म्हणून."

"मंग? घाटातनं गाडा भाएर गेला की बाद म्हंजी बाद! झाली की भिर्रर्र!" शर्यतीतली ही आरोळी ठोकून त्यांनी चौकात टोपी उडवली. वडापाववाल्याने काही न कळता टाळ्या वाजवल्या.

सामन्यांचा शनिवार आला तेव्हा ढेकूळ सव्वीसवर होतं. तीस झाली नाही. मी तुला आदल्या दिवशी तसं सरळ सांगितलं. तू म्हणालीस, "बरं." तरीही वाचनालयात गेलीस, हे मी विसरले नाही.

तुमची ती सकाळ आणि इथे जेवणाची वेळ. आप्पा आपलं जेवण आटोपून आमच्याकडे खुर्ची ओढून बसले होते. तू फोन पुस्तकांना टेकवून ठेवला होतास, त्यामुळे आम्हाला बरेचसे बूट दिसत होते आणि एक टेबलाची कड. त्या मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आपलं तीस ठरलं होतं, असं ती म्हणाली. चिडून नाही, पण ठाम.

"काय म्हनती?" आप्पांनी विचारलं.

"तीस ठरलं होतं म्हणते."

"तिला म्हनावं, एक बारी टाकून बग. मंग बोल."

मी तुला म्हणाले, "आप्पा म्हणतात, एक बारी टाकून बघा."

"बारी म्हणजे?"

"एकदा लढून बघा, सराव म्हणून."

तू ते तिला इंग्रजीत सांगितलंस. बूट थोडा वेळ हलले नाहीत. मग ती म्हणाली, ठीक आहे, एकदाच.

त्या सरावात समोरच्या जोडीने तुम्हा दोघींच्या प्राण्यांत ढेकळालाच धरलं, कारण ते सव्वीसचं होतं. तू ढेकळाला घट्ट बसवलंस. ते मारत राहिले, ढेकूळ बसून राहिलं. तेवढ्या वेळात त्या मुलीचा वाऱ्याचा प्राणी मोकळा होता. त्याने एकेक करून दोघांनाही संपवलं. "हे नुसतं बसतं!" ती मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, पण या वेळी वेगळ्या सुरात, "आपण ह्याला पुढे ठेवू या." तिने "आपण" म्हटलं, हे मी आप्पांना वेगळं भाषांतर करून सांगितलं.

पहिला सामना तुम्ही जिंकलात. दुसऱ्यात समोर पाण्याचा प्राणी आला आणि माती पाण्यापुढे काय टिकणार? ढेकूळ पहिल्यांदाच पटकन पडलं.

"गेलं वाहून," आप्पा म्हणाले. "मी म्हनत हुतो, पवायला शिकवा."

हे तुला ऐकू गेलं आणि तू इतक्या जोरात हसलीस की तिकडे कुणीतरी शूऽ केलं. मग आणखी एक हसू ऐकू आलं. तू आप्पांचं वाक्य तिला इंग्रजीत सांगितलं असणार. ते कसं सांगितलंस, हे मला अजून विचारायचं आहे.

सोमवारी तुझा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "ती मैत्रिणीकडे गेली आहे, जेवूनच येणार." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून पुढचं काम केलं. आप्पांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बगा, खुराक कामाला आला." त्यांच्या मते आम्ही काही चुकलो नव्हतो, खेळच उलटा रचलेला होता. याच्यावर आमचा वाद कधी मिटला नाही.

तेव्हापासून बरंच बदललं आहे. मिशावाल्याची बदली झाली, बीडच्या मुलीचं लग्न झालं, कारेगावच्या चौकात आता दुसराच कुठला तरी खेळ चालतो. तूही हा खेळ सोडलास, आणि तुझ्या मैत्रिणीने तुझ्याआधी सोडला. ढेकूळ माझ्या फोनमध्ये आहे, लेव्हल सव्वीस. ती मुलगी अजून दर शुक्रवारी तुमच्याकडे जेवायला असते.